हिशेब कोणी द्यावा?

डोंगरावरील प्रवचनात प्रभू येशूने देव आणि धन यांना दोन धनी म्हणून समोरासमोर उभे केले आणि एका सेवकाला दोघांची चाकरी साधणार नाही, असे निःसंदिग्धपणे सांगितले. ग्रीक संहितेत या ठिकाणी संपत्तीसाठी रूढ असलेला ग्रीक शब्द आढळत नाही. शुभवर्तमानकाराने 'मामोन' हा अरामी शब्द तसाच राहू दिला आहे. त्याची व्युत्पत्ती निश्चित सांगता येत नाही; तथापि अनेक अभ्यासक त्याचा संबंध 'भरवसा ठेवणे' या अर्थाच्या धातूशी, म्हणजे आपल्या 'आमेन'च्याच कुळाशी जोडतात. माणूस ज्याच्यावर विसंबून राहतो ते मामोन. मराठी वाचकाला हे फारसे परके वाटू नये. पैशाचा व्यवहार 'पत' या शब्दावर चालतो, त्या घराला आपण पतपेढी म्हणतो, आणि दुसऱ्याची मालमत्ता सांभाळणाऱ्याला विश्वस्त.

१९९६ साली इंग्लंडमध्ये याच वचनावरून नाव घेतलेले एक पुस्तक प्रसिद्ध झाले : 'सर्व्हिंग गॉड? सर्व्हिंग मॅमन?' प्रभूच्या तोंडी जे ठाम विधान आहे, त्याचे लेखकाने दोन प्रश्न केले होते. लेखकाचे नाव स्टीफन ग्रीन. ते अँग्लिकन मंडळीचे दीक्षित पाळक होते आणि जगातील एका अवाढव्य बँकेचे वरिष्ठ अधिकारीही होते. पुढे ते त्या बँकेचे अध्यक्ष झाले, नंतर ब्रिटनचे मंत्री आणि उमराव. वाचकहो, या गृहस्थांच्या जीवनाकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो, ते त्यांना दोषी ठरविण्यासाठी नव्हे. त्यांच्यावर कोणत्याही न्यायालयात आरोप ठेवला गेला नाही. परंतु त्यांच्या निमित्ताने जो प्रश्न उभा राहिला, तो आपल्यापैकी ज्या कोणाच्या हाती संस्थेच्या किल्ल्या आहेत त्या प्रत्येकाचा आहे.

ग्रीन यांचा जन्म १९४८चा. लॅन्सिंग कॉलेज ही शाळा, मग ऑक्सफर्ड, त्यानंतर अमेरिकेतील मॅसेच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, असे त्यांचे शिक्षण झाले. १९७० मध्ये त्यांनी नोकरीचा आरंभ केला तो परदेशांतील विकासकार्य पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारी खात्यात. गरीब देशांना मदत कशी पोहोचवावी याचा विचार करणारे ते खाते होते. काही वर्षे मॅकिन्झी या सल्लागार कंपनीत काढून १९८२ साली ते हाँगकाँगमध्ये हाँगकाँग अँड शांघाय बँकेत, म्हणजे आजच्या एचएसबीसीत दाखल झाले. बँकेत काम करीत असतानाच त्यांनी ईश्वरविज्ञानाचा अभ्यास केला व १९८८ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. मंडळीकडून वेतन न घेता सेवा करणाऱ्या पाळकांपैकी ते एक. पौलाने तंबू शिवून सुवार्ता सांगितली, त्याच परंपरेत हे बसते असे कोणी म्हटले तर मी हरकत घेणार नाही. फक्त तंबू बराच मोठा होता.

त्या तंबूविषयी थोडे सांगितले पाहिजे. ही बँक १८६५ मध्ये हाँगकाँग येथे स्थापन झाली. चीनच्या किनाऱ्यावरील व्यापाराला भांडवल पुरविणे हा तिचा हेतू, आणि त्या व्यापारात अफूचा वाटा मोठा होता. माळव्यात पिकलेली अफू मुंबई बंदरातून पूर्वेकडे जात असे. बँकेच्या स्थापनेसाठी जी समिती नेमली गेली तीत मुंबईच्या डेव्हिड ससून यांचे चिरंजीव आर्थर ससून होते, पारशी व्यापारीही होते. शिवाय १८५३ साली मुंबईत जन्मलेली मर्कंटाइल बँक १९५९ मध्ये याच बँकेने विकत घेतली. तेव्हा ही लंडनच्या सातासमुद्रापलीकडची गोष्ट आहे असे मुंबईकर वाचकाने समजू नये. मादक पदार्थांचा पैसा आणि ही पेढी यांची गाठ पुढे दीडशे वर्षांनी पुन्हा पडायची होती.

ग्रीन यांच्या लेखनाचा गाभा एका विचारात सांगता येतो. माणूस आपल्या आयुष्याचे कप्पे करतो, देवाचा एक, धंद्याचा एक, घराचा एक, आणि प्रत्येक कप्प्याला निराळे नियम लावतो, हे त्यांना मान्य नव्हते. रविवारी उपासना आणि सोमवारी बाजार, अशी फाळणी करणे म्हणजे आत्म्याचीच फाळणी, असे त्यांचे प्रतिपादन. २००९ साली त्यांचे 'गुड व्हॅल्यू' हे दुसरे पुस्तक आले. त्यात त्यांनी याही पुढे जाऊन लिहिले की, संस्थेच्या नीतीची जबाबदारी तिच्या संचालक मंडळापासून सुरू होते आणि सचोटीची संस्कृती खालपर्यंत रुजविणे याहून मंडळाचे मोठे काम नाही. हे त्यांनी लिहिले तेव्हा त्या मंडळाच्या अध्यक्षपदी ते स्वतः बसलेले होते. २००३ मध्ये ते बँकेचे मुख्य कार्यकारी अधिकारी झाले, २००६ मध्ये अध्यक्ष, आणि २०१०च्या अखेरीपर्यंत त्या पदावर राहिले.

त्या काळात त्यांच्याविषयी आदर होता आणि तो अनाठायी नव्हता. २००८च्या आर्थिक संकटात ब्रिटनच्या काही बँका सरकारी पैशावर जगल्या. एचएसबीसीने सरकारपुढे हात पसरला नाही. अमेरिकेतील हाउसहोल्ड ही कंपनी बँकेने २००३ मध्ये १४०० कोटी डॉलरांहून अधिक देऊन घेतली होती. गरजू माणसांना चढ्या दराने कर्ज देणे हा त्या कंपनीचा व्यवसाय. कर्जदारांची फसवणूक केल्याच्या आरोपांवरून तिने आदल्याच वर्षी ४८ कोटी ४० लाख डॉलरांपर्यंतची तडजोड मान्य केली होती. ही खरेदी घडली तेव्हा अध्यक्ष दुसरे होते. पण २००९ मध्ये, हा व्यवहार केला नसता तर बरे झाले असते, अशी जाहीर कबुली देण्याचे धैर्य ग्रीन यांनी दाखविले. बँकेच्या अध्यक्षाने असे बोलणे विरळाच. हे पुढे लक्षात ठेवावे लागेल.

२०१०च्या अखेरीस त्यांना आजीव उमरावपद मिळाले, ते हर्स्टपिअरपॉइंटचे लॉर्ड ग्रीन झाले, आणि जानेवारी २०११ पासून डेव्हिड कॅमेरॉन यांच्या सरकारात व्यापार व गुंतवणूक खात्याचे राज्यमंत्री. डिसेंबर २०१३ पर्यंत त्यांनी ते काम पाहिले.

मंत्रिपदावर असतानाच, जुलै २०१२ मध्ये, अमेरिकन सिनेटच्या चौकशी उपसमितीचा अहवाल बाहेर आला. त्याच वर्षी डिसेंबरात बँकेने अमेरिकन न्यायखात्याशी करार करून वस्तुस्थिती कबूल केली आणि सुमारे १९० कोटी डॉलर भरले. कबुलीतील तपशील वाचताना मन सुन्न होते. मेक्सिको व कोलंबिया येथील मादक पदार्थांच्या टोळ्यांचे निदान ८८ कोटी १० लाख डॉलर या बँकेतून धुऊन निघाले होते. टोळ्यांची माणसे मेक्सिकोतील शाखांमध्ये एकेका दिवशी एकेका खात्यात लाखो डॉलर रोख भरीत असत. बँकेच्या खिडकीतून नेमक्या आत सरकतील अशा मापाच्या पेट्या त्यांनी त्यासाठी करवून घेतल्या होत्या. २००७ आणि २००८ या दोन वर्षांत मेक्सिकोतील शाखेने अमेरिकेतील शाखेकडे ७०० कोटी डॉलरांच्या नोटा पाठविल्या. आणि या काळात बँकेच्या अमेरिकन शाखेने मेक्सिको या देशाची नोंद सर्वांत कमी धोक्याच्या वर्गात केलेली होती.

त्या पेट्यांचा विचार माझ्या मनातून जात नाही. कोणीतरी सुताराने वा कारागिराने त्या खिडकीचे माप घेतले असेल. खिडकीमागच्या रोखपालाने त्या रोज पाहिल्या असतील. त्याच्या वरच्या साहेबानेही. मग ही पाहण्याची साखळी नेमकी कोणत्या मजल्यावर तुटली?

फेब्रुवारी २०१५ मध्ये दुसरे प्रकरण उघडे पडले. जिनिव्हातील एचएसबीसीच्या खासगी बँकेतून हर्व्हे फाल्चानी या संगणक कर्मचाऱ्याने पूर्वीच बाहेर नेलेली एक लाखाहून अधिक खातेदारांची माहिती जगभरच्या वृत्तपत्रांच्या हाती आली. परदेशात खाते असणे हा स्वतः गुन्हा नव्हे. पण कर चुकविण्यास बँकेने ग्राहकांना साह्य केल्याचे अनेक प्रकरणांत दिसून आले. 'इंडियन एक्सप्रेस'ने त्या यादीतील ११९५ भारतीय नावांचे वृत्त दिले होते, ते आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. पुढे बँकेने जिनिव्हात ४ कोटी फ्रँक आणि २०१७ मध्ये फ्रान्समध्ये ३० कोटी युरो भरून प्रकरणे मिटविली. यात तुरुंगवासाची शिक्षा झाली ती फाल्चानी यांना. स्विस न्यायालयाने त्यांच्या गैरहजेरीत त्यांना पाच वर्षांची शिक्षा फर्मावली. त्यांचे हेतू शुद्ध होते की नव्हते यावर वाद आहे, पण हा विरोधाभास नोंदविल्यावाचून पुढे जाववत नाही.

पत्रकारांनी लॉर्ड ग्रीन यांना विचारले. बँकेच्या गतकालीन वा वर्तमान व्यवहारांवर आपण तत्त्व म्हणून भाष्य करणार नाही, असे त्यांनी कळविले. त्याच महिन्यात लंडनच्या वित्तक्षेत्राचे प्रतिनिधित्व करणाऱ्या एका संस्थेतील सल्लागार पद त्यांनी सोडले.

येथे आपण त्यांच्या बाजूने जे म्हणता येईल ते पूर्णपणे म्हटले पाहिजे. तीन लाखांच्या आसपास नोकर आणि ८०हून अधिक देश, एवढ्या पसाऱ्यात कुलियाकानच्या वा जिनिव्हाच्या खोलीत काय चालले आहे हे अध्यक्षाला डोळ्यांनी दिसणे शक्य नव्हते. माजी अध्यक्षाने बोलावे तर चालू चौकश्यांना बाधा येते, वकील मनाई करतात, गोपनीयतेची वचने आड येतात. आणि जे मला ठाऊक नव्हते त्याबद्दल मी दोषी कसा, हा प्रश्न कोणत्याही सरळ माणसाच्या मनात उठतो. आपल्या विवेकाला तो न्याय्य वाटतो. हेतूवाचून पाप नाही, असे आपण मुलांना शिकवितो.

पवित्र शास्त्राला मात्र ते इतके सोपे वाटलेले दिसत नाही. लेवीयाच्या चौथ्या अध्यायाचा अनुवाद करताना कोणताही अनुवादक रेंगाळतो. तो सबंध अध्याय चुकून, नकळत घडलेल्या पापाविषयी आहे. जाणूनबुजून केलेल्या गुन्ह्याचा तेथे प्रश्नच नाही. आणि त्या नकळत घडलेल्या पापालाही अर्पण लागते. ते कळून आले की लागते. शिवाय अर्पणाला पायऱ्या आहेत. अभिषिक्त याजकाने गोऱ्हा आणावा. सबंध मंडळीनेही गोऱ्हा. अधिपतीने बकरा. सामान्य माणसाने बकरी. न कळण्याची किंमत पदाप्रमाणे चढत जाते, आणि यादीत पहिला उभा आहे तो याजक.

याच अध्यायात एक बारीक गोष्ट आहे, ती बहुतेक अनुवादांत हरवते. याजक, मंडळी आणि सामान्य माणूस यांच्याविषयी बोलताना इब्री संहिता 'जर' असा शब्द वापरते : जर पाप घडले तर. अधिपतीच्या बाबतीत शब्द बदलतो, आणि तो 'जेव्हा' असा वाचावा लागतो. जणू सत्ता हाती असलेल्याच्या हातून असे काही घडणार, हे गृहीतच धरले आहे. यहूदी शास्त्र्यांनी या शब्दावर एक कोटी केली आहे. तो शब्द 'धन्य' या अर्थाच्या शब्दाशी जुळता आहे, म्हणून त्यांनी सांगितले की, ज्या पिढीचा अधिपती आपल्या नकळत घडलेल्या पापासाठी अर्पण आणतो ती पिढी धन्य होय.

अनुवादाच्या एकविसाव्या अध्यायात तर याहून विलक्षण प्रसंग सांगितला आहे. उघड्या माळावर प्रेत सापडले आहे, मारणारा ठाऊक नाही. तेव्हा वडिलांनी व न्यायाधीशांनी बाहेर पडून प्रेतापासून सभोवतालच्या नगरांपर्यंतचे अंतर मोजावे. जे नगर सर्वांत जवळ ठरेल त्याच्या वडिलांनी कालवड घेऊन ओढ्याच्या खोऱ्यात जावे, हात धुवावेत आणि हे रक्त आमच्या हातांनी सांडले नाही, आमच्या डोळ्यांनी पाहिले नाही, असे उघडपणे सांगावे. प्राचीन रब्बींनी विचारले : नगराच्या वडिलांनी खून केला असेल अशी शंका तरी कोणाला येणार होती? आणि त्यांनीच उत्तर दिले की, वडिलांनी सांगायचे आहे ते निराळेच. हा माणूस आमच्याकडे आला असता आम्ही त्याला उपाशी परत पाठविला, सोबतीवाचून एकटा वाटेला लावला, असे आमच्याकडून घडलेले नाही, हे त्यांना म्हणायचे आहे.

पिलातानेही हात धुतले. पण त्याने ते मोजमाप न करता धुतले. या दोन हात धुण्यांतील फरक माझ्या मते आपल्या प्रश्नाच्या मुळाशी आहे. नगराचे वडील 'आम्हांला ठाऊक नव्हते' असे म्हणतातच, ते तसे म्हणण्याचा त्यांना हक्कही आहे. मात्र तो हक्क त्यांना अंतर मोजल्यावर, प्रेताजवळ उभे राहून आणि आपण कोणती राखण ठेवली होती हे सांगण्याची तयारी दाखवून मिळतो. २००६ च्या अखेरीपासून मेक्सिकोत टोळ्यांच्या युद्धात हजारो माणसे मेली. त्या माळावरून लंडनच्या कॅनडा स्क्वेअरमधील त्या उंच इमारतीपर्यंतचे अंतर मोजणे अवघड आहे हे खरे. म्हणूनच ते कोणीतरी मोजायला हवे होते.

लूकाच्या सोळाव्या अध्यायातील धनवान मनुष्य आपल्या कारभाऱ्याला बोलावतो तेव्हा तो प्रथम शिक्षा सांगत नाही, हिशेब मागतो. ग्रीक शब्द 'ओइकोनोमोस', घराची व्यवस्था पाहणारा; 'इकॉनॉमी' हा शब्द त्याच घरातून बाहेर पडला. आपल्याकडे खेड्यातली बाई नवऱ्याला 'कारभारी' म्हणून हाक मारते, आणि त्या हाकेत थोडी थट्टा असली तरी अर्थ पक्का असतो : कोठीत धान्य नाही हे मला माहीत नव्हते, असे कारभाऱ्याला म्हणता येत नाही. लॉर्ड ग्रीन यांच्याकडून गुन्ह्याची कबुली कोणी मागत नव्हते. हिशेब मागितला जात होता. मेक्सिकोविषयी मंडळापुढे काय आले, आपण कोणते प्रश्न विचारले, कोणते विचारायचे राहिले, आणि स्वतःच्या पुस्तकात लिहिलेली ती संस्कृती कोणत्या जिन्यावर अडली. २००९ मध्ये हाउसहोल्डच्या खरेदीबद्दल ते बोलू शकले, कारण तो तोट्याचा व्यवहार होता. नफ्याच्या व्यवहारातील पापाविषयी त्यांना बोलता आले नाही. कप्पे करू नयेत असे सांगणाऱ्या लेखकाने 'तत्त्व म्हणून' एक कप्पा कुलूपबंद केला, ही मला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत दुःखद गोष्ट वाटते.

एवढे मात्र मानावे लागेल की, कुलूप लावण्यात ते एकटे नव्हते. सप्टेंबर २०१२ मध्ये ब्रिटनचे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बर्न यांनी, या बँकेवर कठोर कारवाई झाल्यास वित्तव्यवस्थेला धोका पोहोचेल, अशा आशयाचे पत्र अमेरिकन अधिकाऱ्यांना लिहिले होते, हे २०१६ मध्ये उघड झाले. संस्था इतकी मोठी की तिला शिक्षा देता येत नाही, आणि इतकी मोठी की तिच्यातील कोणाही एका माणसाला जबाबदार धरता येत नाही. मग पाप राहते, पापी नाहीसा होतो.

तर मग ख्रिस्ती मनुष्याने अशा पदांकडे पाठ फिरवावी काय? मला तसे वाटत नाही. योसेफाने फारोच्या कोठारांचा कारभार केला आणि लाखोंना जगविले. त्याच कारभारात मिसरच्या लोकांची गुरे, शेते आणि शेवटी शरीरेही फारोच्या मालकीची झाली, हे उत्पत्तीच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायात लिहिलेले आहे, पण आपल्या संडेस्कूलमध्ये ते सहसा सांगितले जात नाही. सज्जन माणसे कारभारापासून दूर राहिली तर कारभार थांबत नाही, प्रश्न विचारणारा एक जण कमी होतो, इतकेच. अँग्लिकन मंडळीने २०१४ मध्ये आपल्या भावी बिशपांच्या प्रशिक्षणाविषयीचा अहवाल लॉर्ड ग्रीन यांच्याकडूनच करवून घेतला. धंद्याच्या व्यवस्थापनाची भाषा मंडळीत आणली म्हणून त्यावर पुष्कळ टीका झाली. मंडळीने बँकेकडून शिकू नये असे मी म्हणणार नाही. नेतृत्व कसे घडवावे हे शिकता येईल. हिशेब कसा द्यावा हे मंडळीनेच बँकेला शिकवायला हवे होते, आणि ते तिच्याजवळ लेवीयाच्या काळापासून लिहून ठेवलेले होते.

आपल्या भारतातल्या मंडळ्यांकडे पाहिले तर तेथेही विश्वस्त आहेत, मिशनच्या जुन्या जमिनी आहेत, शाळा-दवाखान्यांच्या समित्या आहेत. एखादा भूखंड परस्पर विकला गेल्याचे उघडकीस येते तेव्हा समितीतील सभासद, बहुधा भले आणि प्रार्थनाशील, सांगतात की कागद आमच्यापुढे आलाच नाही. बहुतेक वेळा ते खरे असते. कागद का आला नाही, आणि तो मागण्यास कोणी का उठले नाही, हा प्रश्न मात्र सभेच्या कार्यवृत्तात क्वचितच नोंदला जातो.

लेवीयाच्या त्याच अध्यायात अधिपतीच्या बकऱ्याविषयी आणखी एक सूचना आहे. त्याने आपले अर्पण वेगळ्या आडोशाला करावयाचे नाही. होमबलीचा पशू ज्या जागी वधला जातो त्याच जागी, परमेश्वरासमोर, त्यानेही आपला बकरा आणावा, आणि त्याच्या डोक्यावर स्वतःचा हात ठेवावा.